सोनकीचं पोट: नऊ महिन्यांची वही

सोनकी म्हणजे आमची पिवळी मांजर, मादी, वय सहा, नसबंदी झालेली. कासच्या पठारावरच्या पिवळ्या फुलांवरून लेकीने नाव ठेवलं. आम्ही साताऱ्यात जुन्या घरात राहतो. खाली आम्ही आणि अंगण, वर कॉलेजची भाडेकरू पोरं. मी एमआयडीसीत क्वालिटीला आहे, त्यामुळे बिघाड आला की वही काढायची सवय. इथले सगळे डोस सोनकीच्या वजनाचे आणि तिच्या रिपोर्टवरून डॉक्टरांनी ठरवलेले आहेत. आपल्या मांजराला जसेच्या तसे देऊ नका.

१६ जून २०२४, रविवार

आजपासून वही. खरं तर फेब्रुवारीतच सुरू करायला हवी होती. पातळ शी, आठवड्यातून दोन-तीन वेळा उलटी. उलटीत केस दिसले की आम्ही म्हणायचो, 'केसांचा गोळा आहे, मांजराचं असंच असतं.' चार महिने त्या एका वाक्यावर काढले. मध्ये तीनदा औषध झालं, त्यातलं दोनदा मेट्रोनिडॅझोल. दर वेळी आठ-दहा दिवस बरं, मग पहिले पाढे पंचावन्न. खर्च ४,३०० रुपये, हाती काही नाही.

काल लसीचं कार्ड सापडलं. गेल्या वर्षीचं वजन ४.१ किलो. रोज मांडीवर बसणाऱ्या जनावराचं वजन उतरलेलं हाताला कळत नाही.

१७ जून

तिला उचलून वजनकाट्यावर उभा राहिलो आणि माझं वजन वजा केलं. पहिल्यांदा ३.४ आलं, पाच मिनिटांनी २.९. हा काटा माणसांसाठी ठीक, इथे निरुपयोगी. किराणा दुकानात असतो तसला डिजिटल काटा १,२५० रुपयांना आणला आणि वर प्लास्टिकचा टब ठेवला. ३,१८० ग्रॅम. म्हणजे जवळजवळ पाव मांजर गायब.

२० जून

नव्या डॉक्टर मॅडम. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकलेल्या, बोलायला कडक. पहिला प्रश्न: 'दिवसातून किती वेळा होते? रंग कसा? आव पडते का?' उत्तर एकालाही देता येईना, कारण बाई अंगणात आंब्याखाली माती उकरून जातात आणि वर झाकून येतात.

तर आजपासून सोनकी घरात. जुन्या टबात चाळलेली वाळू. बायको म्हणाली, 'वाळू मी झाडणार नाही.' मान्य.

शी कशी आहे ते रोज लिहायचं तर मोजमाप एकच हवं. घरातल्या सगळ्यांना कळेल असं हे ठरलं: १ म्हणजे ताक, २ पिठलं, ३ शिरा, ४ झुणका, ५ लेंडी. आपल्याला ४ हवा आहे. (याचा परिणाम असा की आमच्याकडे पिठलं होणं बंद झालं ते आजतागायत.)

आजचा आकडा २.

२३ जून

नमुना वाया गेला. पहाटेची शी डबीत भरली आणि दहा वाजता दवाखान्यात नेली. उन्हात चार-पाच तासांची झालेली, मॅडमनी परत पाठवलं. ताजी हवी, लगेच नेता येत नसेल तर फ्रीजमध्ये ठेवून त्याच दिवशी आणायची. आमच्या फ्रीजमध्ये ती डबी ठेवायची परवानगी मिळणं शक्य नव्हतं, म्हणून दोन दिवस सुट्टीची वाट पाहिली.

२५ जून

जिआर्डिया (आतड्यातला सूक्ष्म परजीवी) निघाला. एवढा आनंद मला बढती मिळाल्यावर झाला नव्हता. चोर सापडला!

मेडिकलवाल्याने 'जंताचंच ना, हे घ्या' म्हणून माणसांची अल्बेंडाझोल पुढे केली. नशिबाने फोन करून विचारलं. मॅडम जवळजवळ ओरडल्याच: मांजराला ते नको, अस्थिमज्जेवर परिणाम होऊ शकतो. फेनबेंडाझोल १५० मि.ग्रॅ. रोज एक गोळी, ५ दिवस. शिवाय टब रोज उकळत्या पाण्याने धुवायचा आणि तिची मागची बाजू पुसून काढायची, नाहीतर चाटून तेच पुन्हा पोटात.

५ जुलै

फेरतपासणीत जिआर्डिया नाही. शी अजून २, कधी ३. उलट्या तशाच. वजन ३,१४०.

म्हणजे चोर खरा होता, पण एकटा नव्हता. कारखान्यात हे शंभरदा पाहिलंय: एक दोष सापडला की माणूस शोधणं थांबवतो.

मधल्या काळात शेजारून ईसबगोल सुचवलं गेलं. पाव चमचा तीन दिवस दिलं. पोट फुगलं, खाणं कमी झालं. बंद. दही-भाताचाही सल्ला आला, तो ऐकला नाही.

१३ जुलै

पुण्याला सोनोग्राफी. रात्रीपासून उपाशी ठेवून न्यायचं होतं. खंबाटकीच्या बोगद्यात तिने टोपलीत उलटी केली, पोट रिकामं असूनही. गाडीत टोपलीखाली जुना टॉवेल आणि सोबत दोन जादा टॉवेल ठेवा, एवढंच सांगतो.

लहान आतड्याची भिंत ३.२ मि.मी., अडीचपर्यंत चालली असती. लसिकाग्रंथी थोड्या मोठ्या. मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड रक्तात ठीक. विषाणूंच्या दोन्ही चाचण्या निगेटिव्ह. बी-१२ मात्र खालच्या मर्यादेच्याही खाली.

मॅडमनी कागदावर तीन गोष्टी लिहिल्या: खाण्याची अ‍ॅलर्जी, आतड्याची जुनाट सूज, किंवा हळू वाढणारा लसिकाग्रंथींचा कर्करोग. शेवटच्या दोघांतला फरक सोनोग्राफीत नक्की कळत नाही, त्यासाठी आतड्याचा तुकडा काढून तपासावा लागतो. ३.१ किलोच्या मांजराला भूल देऊन पोट उघडायची आमची हिंमत झाली नाही. त्यांचंही म्हणणं असं की पहिल्यांदा खाणं बदलून बघू, ते स्वस्त आहे आणि बऱ्याच मांजरांचं तेवढ्यानेच भागतं.

स्वस्त आहे, म्हणाल्या. पुढे वाचा.

१८ जुलै

बी-१२ सुरू. आठवड्याला एक, असे सहा, कातडीखाली. घरीच द्यायला शिकलो.

दोन चुका, दोन्ही माझ्याच. एक: मेडिकलमधून बी-१, बी-६, बी-१२ एकत्र असलेलं लाल इंजेक्शन आणलं. ते झोंबतं. सोनकी अशी किंचाळली की वरची पोरं जिना उतरून आली. नुसतं बी-१२च मागायचं. दोन: डोस २५० मायक्रोग्रॅम, म्हणजे ५०० च्या अँप्यूलमधला अर्धा मिली. मी इन्सुलिनची लाल टोपणाची सिरिंज आणली होती आणि ५० ची रेघ शोधत बसलो. ती सिरिंज ४० युनिटची, तिच्यात अर्धा मिली म्हणजे २० ची रेघ. १०० युनिटवाली असेल तर ५०. टोपणाचा रंग न बघता भरलं तर गडबड होते. बी-१२ जास्त झालं तर फार बिघडत नाही, पण याच सिरिंजने उद्या दुसरं काही दिलं तर बिघडेल.

२२ ते २५ जुलै

या वहीतली सगळ्यात लाजिरवाणी नोंद.

अ‍ॅलर्जीसाठीचं खाणं मागवलं, प्रथिनं बारीक तोडलेली असतात ते कोरडं. दीड किलो २,४०० रुपये. सोनकीने वास घेतला आणि जमिनीवर पंजा घासून झाकल्यासारखं केलं, वाळूत करते तसं. मी म्हणालो, भूक लागली की खाईल झक मारत. जुनं खाणं उचलून ठेवलं. ३६ तास तिने काही खाल्लं नाही. मला अभिमान वाटत होता की मी विरघळलो नाही.

मॅडमना सहज सांगितलं तर त्या दोन क्षण गप्पच झाल्या. कुत्रा उपाशी राहिला तर चालून जातं, मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी यकृतात साठून यकृतच बसू शकतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. भुकेसाठी मिर्टाझापिनची पाव गोळी, मळमळीचं इंजेक्शन, आणि जुनंच खाणं पुढ्यात. रात्री साडेनऊला खाल्लं. वजन ३,०२०.

मांजराशी हट्टाची स्पर्धा लावू नका.

२८ जुलै

नवा बेत. तिने कधी खाल्लेलं नाही असं एकच मांस, दुसरं काही नाही. आजवर तिच्या पोटात गेलेल्या गोष्टींची यादी चौघांनी मिळून केली: चिकनचं कोरडं खाणं, दूध-पोळी, सुकट, बोंबील, अंडं, बिस्किट, साय, आणि लेकीने कबूल केलेलं चीज. ससा, बदक साताऱ्यात रोज कुठून आणणार. राहिलं बोकडाचं मटण. आमच्यात ते महिन्यातून एकदा होतं, आणि तिखट म्हणून आई तिला शिवूही देत नाही.

बेत उत्तम. फक्त आठ दिवसांनी श्रावण.

४ ऑगस्ट, गटारी

मटणाच्या दुकानाबाहेर सव्वा तास रांग. 'दीड किलो, हाड नको, चरबी नको' म्हटल्यावर खाटीक म्हणाला, 'आजच्या दिवशी असं कोण खातं?' मांजरासाठी आहे हे सांगायचा धीर झाला नाही. ८६० रुपये किलो.

आईचं म्हणणं सरळ होतं: 'या घरात श्रावणात मटण शिजलेलं नाही, माझ्या सासूबाईंच्या वेळेपासून नाही.' वाद घातला नाही. मागच्या अंगणात पत्र्याखाली १,८०० रुपयांची इंडक्शन शेगडी, वेगळं पातेलं, वेगळी सुरी, पातेल्याच्या कानाला लाल दोरा. फ्रीजचं काय? वरच्या पोरांकडे छोटा फ्रीज आहे. महिनाभर त्यांचं वीजबिल दोनशेने आमच्या खात्यावर.

मीठ, हळद, कांदा, लसूण काही नाही. कांदा-लसूण मांजराला विषच. दीड किलोचं शिजून किलोभर होतं, म्हणजे रोज १४० ग्रॅमप्रमाणे आठवडा. त्यात टॉरिनची (मांजराला खाण्यातून लागणाऱ्या पोषकद्रव्याची) पावडर, आणि पुढे मॅडमनी दिलेलं कॅल्शियमचं मिश्रण. नुसत्या मटणावर मांजर महिनोन् महिने नीट राहत नाही. हे खाणं तपासणीपुरतं आहे, कायमचं नाही.

खाल्लं! ताटली चाटून.

७ ऑगस्ट

आकडा १. ताक. हबकलो. मटण नीट पाहिलं तर एका डब्यात वर पांढरी चरबी गोठलेली. गर्दीच्या दिवशी खाटकाने जे हाताला लागलं ते टाकलं. आता शिजवून गार करायचं, वरची चरबी काढायची, मग डबे भरायचे. शिवाय मांडीचंच मागायचं.

११ ऑगस्ट

दोन डबे गायब. पोरांनी रात्री मीठ-मसाला घालून खाल्ले. 'काका, आम्हाला वाटलं तुमचं राहिलंय.' डब्यांवर आता लिहिलंय: मांजराचं, औषध घातलेलं. टॉरिन हे औषध नाही, पण परिणाम झाला.

१४ ऑगस्ट

तीन दिवस ३ होता, आज पुन्हा २. मटण तेच, चरबी नाही, वजन काट्यावर मोजून. मला काही कळेना.

१६ ऑगस्ट

कळलं. देवघराच्या खाली पितळेची ताटली, कडेला दुधाचा पांढरा ओघळ. आई पहाटे पाचला उठते, पूजेचं दूध काढते, आणि सहा वर्षांच्या सवयीने दोन चमचे तिला. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. आमच्याकडे डोळे देणाऱ्याने मिटले होते.

मी चिडलो, आवाज चढला. आई एवढंच म्हणाली, 'ती माझ्याकडे बघते रे. मटणाचा नुसता वास असलेलं ते खाणं, त्याला चव आहे का?' आणि मग जेवली नाही.

रात्री बायकोने सांगितलं, 'तू सकाळी आठला उठून वही लिहितोस. पाच ते आठ काय होतं ते तुझ्या वहीत नाहीच.' खरं होतं. कारखान्यात तिन्ही शिफ्टचं रजिस्टर असतं आणि मी घरी एकाच शिफ्टचं लिहीत होतो.

उद्यापासून वही आईकडे. तिची पूर्वीची सातवी झालेली आहे, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं.

१८ ऑगस्ट

आईची पहिली नोंद, जशीच्या तशी: 'सकाळी ५.२०. एकदा झाली. शिरा. ३११० भरली. दूध दिले नाही.'

३१ ऑगस्ट

दुधाशिवाय पंधरा दिवस. आकडा कायम ३, चारदा ४. उलटी आठवड्याला एक. वजन ३,२७०. बी-१२ चे सहा डोस २२ तारखेला संपले, आता महिन्याला एक.

सुधारणा आहे, पण पुरेशी नाही. मॅडमचं म्हणणं आणखी दोन आठवडे बघू.

७ ते १२ सप्टेंबर

गणपती-गौरी. पाहुणे, मोदक, दार सतत उघडं. सोनकी सहा दिवस माझ्या खोलीत कडी लावून. ती ओरडली, आम्ही ऐकलं. खाण्यात चूक नाही. एवढंच.

१४ सप्टेंबर

वजन ३,३१०, तिथेच अडकलंय. प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) सुरू, ५ मि.ग्रॅ. रोज एकदा. प्रेडनिसोनच का नको विचारलं, तर मांजराच्या यकृताला त्याचं प्रेडनिसोलोन नीट करता येत नाही. नावं सारखी आहेत, गोळी घेताना पट्टीवर वाचा. स्टेरॉइड सुरू केल्यावर पुढे आतड्याचा तुकडा तपासला तरी चित्र धूसर येऊ शकतं, हे त्यांनी आधी सांगितलं आणि आम्ही समजून होकार दिला. साखर वाढू शकते, म्हणून पाणी किती पिते त्यावर लक्ष ठेवायचं.

दहा गोळ्यांची पट्टी दहा-बारा रुपयांत. आजवरच्या खर्चात सगळ्यात स्वस्त वस्तू हीच.

१५ ते १७ सप्टेंबर

गोळी कुटून मटणात कालवली. कडू. तोंडाला फेस, आणि त्यानंतर तिने मटणच सोडलं. जे एकमेव खाणं तिला चालत होतं त्याच्यावरचा तिचा विश्वास मी एका गोळीसाठी घालवला. दीड दिवस बोटाने भरवावं लागलं. जुलैची आठवण होऊन झोप लागली नाही.

जमलं ते असं: रिकामी जिलेटिनची ४ नंबरची कॅप्सूल, त्यात गोळी, बाहेरून मटणाच्या पाण्याचं बोट. सोनकी पंच्यात गुंडाळलेली, फक्त डोकं बाहेर. वरून डोकं धरून नाक आभाळाकडे, कॅप्सूल जिभेच्या मुळाशी. मग लगेच सिरिंजने गालाच्या कडेने ३-४ मिली पाणी, हळूहळू. पाणी टाळू नका. कोरडी गोळी मांजराच्या अन्ननलिकेत अडकून राहते आणि काही औषधं तिथे जखम करतात. जेवण आणि गोळी यांच्यात तासाभराचं अंतर, खोलीही वेगळी.

पहिल्या दिवशी दोघं आणि बारा मिनिटं लागली. आता आई एकटी देते, बहुधा अर्ध्या मिनिटात. पंचा तिचाच.

२६ सप्टेंबर

सलग सहा दिवस ४! झुणका, मोकळा. दोन आठवड्यांत एकच उलटी.

२ ऑक्टोबर, सर्वपित्री अमावस्या

वडिलांचं पान गच्चीवर ठेवलं. तांदळाची खीर, वडे, भात, अळूची भाजी. कावळा येईना. आई हात जोडून उभी, मी 'का, का' करतोय. मागे वळून पाहतो तर सोनकी. गच्चीचं दार मीच उघडं ठेवलं होतं. खीर संपवून वड्याला हात घातला होता.

मी धावणार तेवढ्यात आई म्हणाली, 'राहू दे. तुझ्या वडलांचा जीव होताच तिच्यात.'

आता यावर काय बोलणार?

५ ऑक्टोबर

३ तारखेला दोन उलट्या, काल आकडा १, आज २. वडिलांचा आशीर्वाद पोटाला मानवला नाही. खिरीतलं दूध, की वड्याचं तेल, की डाळ, काही सांगता येत नाही. तीन गोष्टी एकदम गेल्या तर त्यातून काही सिद्ध होत नाही.

१२ ऑक्टोबर, दसरा

वजन ३,६८०. मॅडम खूश. स्टेरॉइड कमी करायला सुरुवात: एक दिवस ५, एक दिवस अडीच.

१६ ऑक्टोबर, कोजागिरी

मसाला दूध वर गच्चीत, सोनकी खाली कडीत. याच दिवशी मी अ‍ॅलर्जीचं कोरडं खाणं पुन्हा सुरू केलं, कारण मटण कायमचं चालणार नाही. नवी पिशवी. जुनी उघडून तीन महिने झालेली, शिळी, ती कुणालाच देता आली नाही. या वेळी दहा ग्रॅमपासून, मटणाच्या कोमट पाण्यात भिजवून, रोज थोडं वाढवत. बारा दिवसांत पूर्ण. तेच खाणं, तेच मांजर. जुलैमध्ये घाई केली नसती तर २,४०० रुपये वाचले असते.

पण चूक इथेच झाली, ते पुढे.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी फटाके सुरू झाले आणि सोनकी माळ्यावर, ट्रंकांच्या मागे. दीड दिवस खाली आली नाही. दोन गोळ्या चुकल्या. महिना-दीड महिना चालू असलेलं स्टेरॉइड असं एकदम तुटणं वाईट, हे माहीत असूनही हात पोचत नव्हता. काल दोन उलट्या, आज आकडा २. वजन ३,६२०.

आता सांगा, कशामुळे? गोळी चुकली म्हणून, डोस कमी केला म्हणून, खाणं बदललं म्हणून, की भीतीने? चार दिवसांच्या अंतराने दोन बदल मीच केले, आणि तिसरा दिवाळीने. कारखान्यात पोरांना ओरडतो, एका वेळी एकच पेच फिरवा. मॅडमनी पुन्हा रोज ५ वर आणलं आणि दम दिला: महिनाभर डोसला हात लावायचा नाही. पुढच्या दिवाळीला तिला चार वाजताच आतल्या खोलीत घ्यायचं, गोळी आधी द्यायची. कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवलंय.

२४ नोव्हेंबर

वजन ३,८००, आकडा ४. डोस स्थिर. आता मुद्दाम एक परीक्षा: चिकन. कारण पैशाचं आहे. चिकनवालं साधं खाणं निम्म्या किमतीत येतं, दोष दुधाचाच असेल तर महिन्याचे हजार-बाराशे वाचतील. उकडलेलं चिकन रोज एक चमचा, बाकी सगळं तेच.

२७ नोव्हेंबर

तिसऱ्या दिवशी दुपारी उलटी, रात्री पुन्हा. सकाळी पिठलं. स्टेरॉइड चालू असतानासुद्धा. बंद.

सहा वर्षं आपण तिला जे रोज वाटीभर घालत होतो तेच. पिशवीवर गुटगुटीत मांजराचा फोटो.

दुधाची परीक्षा घेतली नाही. त्याची गरज कुणाला आहे?

९ डिसेंबर

पुन्हा एक दिवस ५, एक दिवस अडीच. बाकी काही नाही.

३० डिसेंबर

रोज अडीच. आकडा ४. साखर तपासली, ठीक.

२७ जानेवारी २०२५

एक दिवसाआड अडीच. बी-१२ पुन्हा तपासलं, मर्यादेत आलं. तरी महिन्याचं इंजेक्शन सध्या चालू.

२३ फेब्रुवारी

हिशोब, कारण सगळे तोच विचारतात. पहिल्या फसलेल्या औषधांपासून आजपर्यंत साडेएक्कावन्न हजार. त्यात मटण सगळ्यात मोठं, साडेपंधरा हजार. अ‍ॅलर्जीचं खाणं ऑक्टोबरपासून पाच पिशव्या, १२,०००. डॉक्टरांची फी नऊ भेटींची ३,६००. रक्त, बी-१२ वगैरे ४,४००. सोनोग्राफी गाडीखर्चासकट ३,१००. प्रेडनिसोलोन: दीडशे रुपयांच्या आत. इथून पुढे महिन्याला २,७०० च्या आसपास, आणि हे थांबणारं नाही.

वेळेचा हिशोब लावला तर आणखी बोचतो. फेब्रुवारी ते जून 'केसांचा गोळा' म्हणण्यात गेले. शिवाय माझी ती ३६ तासांची मर्दुमकी, दुधाचे बारा दिवस आणि दिवाळीनंतरचा महिना.

कर्करोग नाही असं आजही कुणी छातीठोक सांगितलेलं नाही. एप्रिलमध्ये पुन्हा सोनोग्राफी आहे. भिंत वाढलेली निघाली तर क्लोरॅम्ब्युसिलचं (कर्करोगावरच्या गोळीचं) बोलणं होईल, मॅडमनी तेवढी कल्पना देऊन ठेवली आहे. वाढली नसेल तर स्टेरॉइड पूर्ण बंद करून नुसत्या खाण्यावर राहते का ते बघायचं. त्या वेळी दुसरा कुठलाही बदल नाही, हे मी पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलंय.

९ मार्च

मी कालपासून कंपनीच्या कामाने चाकणला होतो. आजची नोंद आईची:

'सकाळी ५.४०. झुणका. ३९९० भरली. काल गोळी होती, आज नाही. पुजेच्या वेळी वाटीपाशी येऊन बसली. दिले नाही. मीही आज चहा बिनदुधाचा घेतला.'